ग्रीक शब्दांवरच्या खुणा : कोणती, कुठे आणि का

ग्रीक मुळाक्षरे आठवडाभरात हाताखाली बसतात. चोवीस वर्ण, आणि त्यांतले बरेचसे गणित-भौतिकशास्त्राच्या तासाला भेटलेलेच. खरी गाडी अडते ती वर्णांच्या डोक्यावर. कुठे तिरकी रेघ, कुठे उलटा स्वल्पविराम, कुठे दोन्ही शेजारी शेजारी, आणि एखाद्या स्वराच्या पायाशी बारकीशी उभी रेघ. बहुतेक नवशिके ठरवतात, आधी शब्द पाठ करू, खुणांचे नंतर बघू. माझे मत याच्या अगदी उलट आहे. खूण हा शब्दाच्या स्पेलिंगचाच भाग आहे. ‘नोमोस’ हा शब्द आजच्या ग्रीकमध्ये पहिल्या ओवर जोर दिला तर ‘कायदा’ होतो आणि दुसऱ्यावर दिला तर ‘जिल्हा’. खुणेशिवाय पाठ केलेला शब्द अर्धाच पाठ झालेला असतो, आणि नंतर तो दुसऱ्यांदा पाठ करावा लागतो.

नवा करार मुळातून वाचू पाहणारे विद्यार्थी, भाषाशास्त्राचे अभ्यासक, होमर किंवा प्लेटो वाचायची हौस असलेले, किंवा नोकरीनिमित्त ग्रीसला निघालेले, या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. शेजारी वही आणि ग्रीक वर्णांचा तक्ता ठेवा. खाली ग्रीक शब्द देवनागरीत दिले आहेत आणि गरज आहे तिथे स्पेलिंग वर्णांची नावे घेऊन सांगितले आहे. प्रत्येक शब्द तुम्ही स्वतः ग्रीक लिपीत उतरवा आणि त्यावर खूण घाला. वाचलेली खूण निसटते, हाताने घातलेली राहते.

पायरी पहिली : कोणती ग्रीक लिहायची आहे ते ठरवा

ग्रीक लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी, अनेक खुणांची ती पॉलिटॉनिक. नवी, एकाच आघातचिन्हाची (शब्दात जोर कुठे पडतो ते दाखवणाऱ्या खुणेची) ती मोनोटॉनिक. प्राचीन ग्रंथ, नवा करार, बायझंटाइन स्तोत्रे आणि १९८२ पूर्वी छापलेली बहुतेक ग्रीक पुस्तके पॉलिटॉनिकमध्ये आहेत. आजची वर्तमानपत्रे, सरकारी अर्ज, शालेय पुस्तके, दुकानांच्या पाट्या मोनोटॉनिकमध्ये. ग्रीक चर्च आजही जुन्या पद्धतीला धरून आहे.

हा बदल सहजासहजी झाला नाही. देश जर्मन-इटालियन ताब्यात असताना, १९४१-४२ मध्ये, अथेन्स विद्यापीठातले प्राध्यापक इओआनिस काक्रिदिस यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. कारण काय, तर त्यांनी आपले लेखन एकाच आघातचिन्हाने छापले होते. ‘आघातचिन्हांचा खटला’ म्हणून हे प्रकरण ग्रीसमध्ये आजही ओळखले जाते. पुढे १९७६ मध्ये बोलीवर आधारलेली दिमोतिकी ही शिक्षणाची भाषा झाली आणि १९८२ मध्ये आंद्रेआस पापांद्रेऊ यांच्या सरकारने मोनोटॉनिक पद्धत कायद्याने लागू केली. ज्या खुणांचा उच्चाराशी संबंध संपून जवळपास सोळा शतके लोटली होती, त्या मुलांकडून घोकून घेण्यात शाळेची वर्षे जात होती. मला हा निर्णय आधुनिक भाषेपुरता योग्य वाटतो. प्राचीन मजकूर मात्र मोनोटॉनिकमध्ये छापणे म्हणजे त्यातली माहिती पुसून टाकणे आहे.

तेव्हा आधुनिक ग्रीकच शिकायची असेल तर सरळ सातव्या पायरीवर जा, फक्त चौथी पायरी वाटेत वाचून घ्या. प्राचीन शिकायची असेल तर क्रमाने चला.

पायरी दुसरी : खुणांची ओळख

पॉलिटॉनिकमध्ये आघाताची चिन्हे तीन. ओक्सिया ही खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी रेघ. वारिया तिच्या उलट, वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी. पेरिस्पोमेनी ही लाटेसारखी किंवा उपड्या वाटीसारखी, छपाईच्या टायपाप्रमाणे रूप थोडे बदलते.

शब्दारंभी ह आहे की नाही हे दाखवणारी श्वासचिन्हे दोन. दासिया म्हणजे सुरुवातीच्या एकेरी अवतरणचिन्हासारखी, उजवीकडे उघडी वाटी. प्सिली म्हणजे शेवटच्या अवतरणचिन्हासारखी, डावीकडे उघडी. शिवाय दोन पूरक खुणा: स्वरावरचे दोन टिंब म्हणजे दियालितिका, आणि अल्फा, ईटा किंवा ओमेगाच्या पायाशी लिहिलेला बारीक आयोटा, ज्याला इपोयेग्रामेनी म्हणतात.

एका स्वरावर दोन खुणा आल्या तर श्वासचिन्ह डावीकडे आणि ओक्सिया किंवा वारिया त्याच्या उजवीकडे. पेरिस्पोमेनी मात्र श्वासचिन्हाच्या डोक्यावर बसते. जोडस्वर असेल, म्हणजे अल्फा-आयोटा, ओमिक्रॉन-उप्सिलॉन वगैरे, तर सगळ्या खुणा दुसऱ्या वर्णावर जातात. शब्द मोठ्या वर्णाने सुरू होत असेल तर खुणा त्या वर्णाच्या डावीकडे, वरच्या अंगाला लिहितात. जोडस्वर असेल तर तिथेही दुसऱ्याच वर्णावर. अख्खा शब्द मोठ्या वर्णांत असेल तर आघात आणि श्वासचिन्हे अजिबात लिहीत नाहीत.

आता वहीत एकटा ईटा सहा वेळा लिहा. पहिल्यावर फक्त दासिया घाला: हे स्त्रीलिंगी उपपद (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) झाले. दुसऱ्यावर दासिया आणि ओक्सिया: ‘जी’. तिसऱ्यावर प्सिली आणि ओक्सिया: ‘किंवा’. चौथ्यावर प्सिली आणि पेरिस्पोमेनी: ‘खरोखर’. पाचव्यावर दासिया, पेरिस्पोमेनी आणि खाली आयोटा: ‘जिला, जिच्याने’. सहाव्यावर प्सिली, पेरिस्पोमेनी आणि खाली आयोटा: ‘असावा, असो’ अशा अर्थाचे क्रियारूप. वर्ण एक, शब्द सहा, आणि फरक फक्त खुणांचा. मोनोटॉनिकमध्ये यांतले दोनच उरले, उपपद आणि ‘किंवा’.

पायरी तिसरी : श्वासचिन्हे पक्की करा

नियम एका ओळीचा आहे. स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दावर श्वासचिन्ह हवेच. सुरुवातीला ह उच्चारला जात असेल तर दासिया, नसेल तर प्सिली. उप्सिलॉनने सुरू होणाऱ्या शब्दावर नेहमी दासिया. ऱ्होने सुरू होणाऱ्या शब्दावरही दासियाच, आणि व्यंजनावर श्वासचिन्ह येण्याची शब्दारंभी हीच एक जागा.

कोणत्या शब्दाला कोणते, हे शब्दासोबतच पाठ करावे लागते, पण आपल्याला ते अवघड जाऊ नये. दासिया म्हणजे ह, एवढेच. ‘होरोस’ म्हणजे सीमा, ‘ओरोस’ म्हणजे डोंगर. ‘हेक्स’ सहा, ‘एक्स’ मधून. ‘हेइस’ एक, ‘एइस’ आत. देवनागरीत हा फरक आपोआप पूर्ण वर्णाने दिसतो, म्हणून शब्दसंग्रहाच्या वहीत ग्रीक शब्दाशेजारी देवनागरी उच्चार लिहिण्याची सवय लावा. इथे आपली लिपी फार उपयोगी पडते.

ह ला स्वतंत्र वर्ण का नाही? होता. आज ज्या वर्णाला ईटा म्हणतात तो अथेन्समध्ये ह साठीच वापरत. पूर्वेकडच्या आयोनियन गावांत ह चा उच्चार लोपला होता, तिथे तोच वर्ण दीर्घ ए साठी वापरात आला. इसवी सन पूर्व ४०३ मध्ये अथेन्सने आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली आणि ह बेघर झाला. दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींत त्या वर्णाचा डावा अर्धा भाग ह साठी वापरत. अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी तो अर्धा भाग स्वराच्या डोक्यावर घेतला, उजवा अर्धा भाग ‘ह नाही’ यासाठी घेतला, आणि लिहिता लिहिता दोन्हींना गोलाई आली.

दासियाचा परिणाम शेजारच्या शब्दावरही होतो. ‘एपि’चा शेवटचा स्वर गळून पुढे ‘हेमेरा’ आले की प आणि ह मिळून फ होतो, आणि फाय लिहावा लागतो. ‘काता’ आणि ‘होलू’ एकत्र आले की त आणि ह मिळून थ होतो, म्हणजे थीटा. नकारार्थी शब्दाची तीन रूपे याच कारणाने आहेत: व्यंजनापूर्वी ‘ऊ’, प्सिलीपूर्वी ‘ऊक’, दासियापूर्वी ‘ऊख’. अभिजात काळच्या अथेन्समध्ये थीटा, फाय आणि खाय हे खरोखर थ, फ, ख असेच महाप्राण उच्चारले जात. युरोपातल्या विद्यार्थ्याला हे तालीम करून जमवावे लागते, आपण ते बालवाडीतच शिकलेलो असतो.

शब्दाच्या मध्येच प्सिलीसारखी खूण दिसली तर ती श्वासचिन्ह नव्हे. दोन शब्द एकमेकांत मिसळून एक झाल्याचे ते चिन्ह आहे.

पायरी चौथी : आघात कुठे पडू शकतो

इथे वेळ द्या. उरलेले सगळे व्याकरण या पायरीवर उभे आहे.

शब्दाचे अवयव पाडा. अवयव म्हणजे एका स्वराभोवतीचा, एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. जोडस्वर एकच धरायचा. आता शेवटून मोजा: अंत्य, उपांत्य, उपांत्यपूर्व. आघात या तिघांपैकीच एकावर पडतो. शब्द दहा अवयवांचा असला तरी आघात त्याच्या मागे जात नाही. प्राचीन असो की आधुनिक, हा नियम दोन्हीकडे चालतो.

दुसरी गोष्ट स्वराच्या लांबीची. एप्सिलॉन आणि ओमिक्रॉन कायम ऱ्हस्व. ईटा आणि ओमेगा कायम दीर्घ. जोडस्वर दीर्घ. अल्फा, आयोटा आणि उप्सिलॉन कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. शब्दकोशात पाहावे लागते. एक अपवाद आत्ताच लक्षात ठेवा: शब्दाच्या अगदी शेवटी येणारे अल्फा-आयोटा आणि ओमिक्रॉन-आयोटा हे जोडस्वर आघाताच्या हिशेबात बहुधा ऱ्हस्व धरतात.

आणि आता मुख्य नियम. अंत्य स्वर दीर्घ असेल तर आघात उपांत्यपूर्व अवयवावर राहू शकत नाही, तो एक घर पुढे सरकतो. ‘आन्थ्रोपोस’ म्हणजे माणूस. आन्-थ्रो-पोस. शेवटी ओमिक्रॉन, ऱ्हस्व, म्हणून आघात पहिल्या अवयवावर. षष्ठीत ‘आन्थ्रोपू’ होते. शेवटी ओमिक्रॉन-उप्सिलॉन, दीर्घ, म्हणून आघात ‘थ्रो’वर. प्रथमेच्या अनेकवचनात ‘आन्थ्रोपोइ’, शेवटी तोच अपवादात्मक जोडस्वर, म्हणून आघात पुन्हा पहिल्यावर.

मराठी शुद्धलेखनात आपण हे वेगळ्या रूपात करतच असतो. ‘फूल’चे ‘फुलाला’ झाले की शेवटी भर पडते आणि आधीच्या ऊकाराची लांबी बदलते. शब्दाच्या टोकाला काय घडते यावर आतल्या अवयवाचे भवितव्य ठरते, ही जाणीव असेल तर ग्रीकचा नियम परका वाटत नाही.

आजच्या ग्रीकमध्ये दीर्घ-ऱ्हस्व भेद उरलेला नाही, ओमेगा आणि ओमिक्रॉन सारखेच उच्चारतात, तरीही जुन्या भेदाची सावली आघातावर आहे. आजचा ग्रीक माणूसही षष्ठीत आघात ‘थ्रो’वरच देतो. ‘ओनोमा’ म्हणजे नाव, आघात पहिल्या ओवर. ‘ओनोमातोस’ झाले की आघात ‘नो’वर, कारण तीन अवयवांची मर्यादा. ‘ओनोमातोन’ या अनेकवचनी षष्ठीत ‘मा’वर, कारण शेवटी ओमेगा. तिन्ही रूपे मोठ्याने म्हणा आणि हाताने टाळी द्या. टाळी पुढे पुढे सरकताना जाणवेल.

पायरी पाचवी : कोणते चिन्ह घालायचे

जागा ठरली, आता चिन्ह. ओक्सिया तिन्ही जागी येऊ शकते. पेरिस्पोमेनी फक्त अंत्य किंवा उपांत्य अवयवावर, तेही स्वर दीर्घ असेल तरच. वारिया फक्त अंत्य अवयवावर.

पेरिस्पोमेनी दीर्घ स्वरच का मागते, हे कळले की घोकंपट्टी संपते. प्राचीन ग्रीकमध्ये आघात म्हणजे जोर नव्हता, स्वराची उंची होती. ओक्सियाच्या जागी आवाज चढायचा. पेरिस्पोमेनीच्या जागी तो चढून त्याच स्वरात उतरायचा, आणि एका स्वरात चढ-उतार बसवायला तो स्वर लांब हवा. इसवी सन पूर्व पहिल्या शतकातला हालिकार्नासोसचा दिओनिसिओस लिहितो की बोलण्यातली ही चढण साधारण पाच सुरांच्या अंतराएवढी असते. आपल्या भाषेत षड्जापासून पंचमापर्यंत. इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत ही उंची जाऊन तिच्या जागी नुसता जोर आला. खुणा मात्र लिहिल्या जात राहिल्या. परंपरेने त्यांचे श्रेय अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, बायझँटियमचा अरिस्तोफानेस याला देतात, म्हणजे इसवी सन पूर्व २०० च्या सुमाराचा काळ. सुरुवातीला त्या वाचकाच्या सोयीसाठी क्वचित कुठे घालत. प्रत्येक शब्दावर नेमाने घालणे रूढ झाले ते नवव्या शतकापासून, लहान वर्णांची लिपी आल्यावर.

उपांत्य अवयवाचा नियम: उपांत्य स्वर दीर्घ, त्यावर आघात, आणि अंत्य स्वर ऱ्हस्व, असे जुळले तर पेरिस्पोमेनीच. अंत्य स्वर दीर्घ असेल तर ओक्सियाच. ‘दोरोन’ म्हणजे भेट: पहिला ओ ओमेगा, दुसरा ओमिक्रॉन, म्हणून पेरिस्पोमेनी. षष्ठी ‘दोरू’: शेवट दीर्घ, म्हणून ओक्सिया.

अंत्य अवयवासाठी कामापुरते इतके पुरे: ‘होदोस’ (रस्ता) सारख्या शेवटी आघात असलेल्या नामांत प्रथमा-द्वितीयेला ओक्सिया आणि षष्ठी-चतुर्थीला पेरिस्पोमेनी. अल्फा-ईटाच्या पहिल्या गणातल्या नामांत अनेकवचनी षष्ठीच्या ‘ओन’वर कायम पेरिस्पोमेनी.

आता एक खरा मजकूर घ्या. मिनँडर, म्हणजे आपण ज्याला मिलिंद म्हणून ओळखतो तो इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातला भारतीय-ग्रीक राजा. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’ आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महाराजस त्रातरस मेनंद्रस’ असे असते. ग्रीक मजकूर सगळा मोठ्या वर्णांत, एकही खूण नाही. तो लहान वर्णांत उतरवा आणि खुणा घाला.

‘बासिलेओस’: बा-सि-ले-ओस. शेवटी ओमेगा, दीर्घ, म्हणून आघात उपांत्यपूर्व ‘सि’वर जाऊ शकत नाही. तो ‘ले’वर. तिथला स्वर एप्सिलॉन, ऱ्हस्व, म्हणजे पेरिस्पोमेनीचा प्रश्नच नाही. ओक्सिया. ‘सोतेरोस’: मूळ शब्द ‘सोतेर’, आघात ‘ते’वर, षष्ठीतही तिथेच. ‘ते’मध्ये ईटा, दीर्घ, शेवटी ओमिक्रॉन, ऱ्हस्व. पेरिस्पोमेनी. ‘मेनांद्रू’: प्रथमेत ‘मेनांद्रोस’, आघात पहिल्या ‘मे’वर. षष्ठीत शेवट दीर्घ, म्हणून आघात ‘नान्’वर सरकला, आणि शेवट दीर्घ म्हणूनच ओक्सिया. तीन शब्दांत बहुतेक नियम येऊन गेले. असा सराव पानभर केला की हात आपोआप थांबतो आणि बघतो: शेवटचा स्वर कोणता?

हेच नियम उलटेही चालवता येतात. ‘खोरा’ (प्रदेश) या शब्दात ओमेगावर आघात आहे आणि चिन्ह ओक्सिया आहे. म्हणजे शेवटचा अल्फा दीर्घच असणार. ‘थालास्सा’ (समुद्र) मध्ये आघात उपांत्यपूर्व अवयवावर आहे, म्हणजे शेवटचा अल्फा ऱ्हस्व. ज्या अल्फाची लांबी वर्णावरून कळत नाही ती खूण सांगून जाते.

नाम आणि क्रियापद यांत एक मोठा फरक लक्षात ठेवा. नामाचा आघात शब्दकोशात जिथे दिला आहे तिथेच राहायचा प्रयत्न करतो आणि नियमाने भाग पाडले तरच सरकतो. क्रियापदाचा आघात जितका मागे जाता येईल तितका जातो. ‘केलेउओ’ (मी आज्ञा करतो) मध्ये शेवटी ओमेगा, म्हणून आघात ‘लेउ’वर. भूतकाळात ‘एकेलेउओन’, शेवटी ओमिक्रॉन, म्हणून तो ‘के’पर्यंत मागे. क्रियापदाचे असे वेगळे वागणे आपल्या वेदपठणातही आहे: मुख्य वाक्यातले क्रियापद वैदिक भाषेत बहुधा उदात्ताशिवाय, म्हणजे उंच सुराशिवाय, म्हटले जाते. या दोन गोष्टींचा संबंध स्विस भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेल यांनी १८७७ मध्ये दाखवला.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. वैदिक ‘पिता’मध्ये उदात्त शेवटी, ग्रीक ‘पातेर’मध्येही आघात शेवटी. हाक मारताना दोन्हीकडे तो पहिल्या अवयवावर येतो: वाक्यारंभीचे वैदिक ‘पितर्’, ग्रीक ‘पातेर’, त्यात शेवटचा ए आता ऱ्हस्व. ‘भ्राता’ आणि ‘फ्रातेर’ दोन्हींत पहिल्यावर. खुणा घालण्याची पद्धत मात्र उलट आहे. ऋग्वेदाच्या छापील पोथीत उदात्त कोरा असतो, अनुदात्ताखाली आडवी रेघ आणि स्वरितावर उभी रेघ असते. ग्रीकने उंच स्वरावरच खूण ठेवली. ज्यांच्या कानावर वेदपठण पडलेले आहे त्यांनी ग्रीक आघात जोराने न म्हणता उंचीने म्हणून पाहावा. होमरच्या ओळी वेगळ्याच लागतात.

पायरी सहावी : शब्द वाक्यात आल्यावर

शब्दकोशातला शब्द एकटा असतो. वाक्यात दोन गोष्टी बदलतात.

पहिली, शेवटच्या अवयवावरची ओक्सिया पुढे दुसरा शब्द आला की वारिया होते. ‘पोतामोस’ (नदी) एकटा किंवा विरामचिन्हापूर्वी असेल तर ओक्सिया, पुढे शब्द असेल तर वारिया. ‘काइ’ म्हणजे ‘आणि’. या शब्दानंतर काहीतरी येणारच, म्हणून तो छापील पानावर जवळजवळ नेहमी वारिया घेऊनच दिसतो. ‘कोण?’ अर्थाचा ‘तिस’ मात्र अपवाद, त्याची ओक्सिया कधीच बदलत नाही.

दुसरी, काही छोटे शब्द स्वतःचा आघात सोडून आधीच्या शब्दावर रेलतात. त्यांना आश्रित म्हणू: ‘कोणी एक’ अर्थाचा ‘तिस’, ‘ते’, ‘गे’, ‘मू’, ‘मोइ’, आणि ‘असणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळातली बहुतेक रूपे. आधीच्या शब्दाचा आघात उपांत्यपूर्व अवयवावर असेल, किंवा उपांत्यावर पेरिस्पोमेनी असेल, तर त्या शब्दाला शेवटी दुसरी ओक्सिया मिळते. ‘आन्थ्रोपोस तिस’मध्ये ‘आन्’वर एक आणि ‘पोस’वर दुसरी. शेवटी आघात असेल तर ओक्सिया वारिया न होता तशीच राहते. ‘लोगोस तिस’सारखा उपांत्यावर ओक्सिया असलेला शब्द जसाच्या तसा. कारण चौथ्या पायरीतलेच आहे: आश्रित शब्द जोडून मोजला की आघात तीन अवयवांच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही.

याच्या उलट ‘हो’, ‘हे’, ‘एन’, ‘एइस’, ‘एक’, ‘ऊ’ असे काही शब्द पुढच्या शब्दाला चिकटतात आणि त्यांच्यावर आघातचिन्ह नसते. श्वासचिन्ह असते, ते विसरू नका.

पायरी सातवी : आजची ग्रीक

आता मोनोटॉनिक. इथे एकच चिन्ह, तोनोस, दिसायला ओक्सियासारखे. दोन किंवा अधिक अवयवांच्या प्रत्येक शब्दावर ते हवेच. एका अवयवाच्या शब्दावर नको. अपवाद मोजके: ‘किंवा’ अर्थाचा ‘ई’, ‘कुठे?’ अर्थाचा ‘पू’, ‘कसे?’ अर्थाचा ‘पोस’. हेच ‘पू’ आणि ‘पोस’ ‘जो’ किंवा ‘की’ या अर्थाने आले तर चिन्ह नाही.

एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. ‘ओ पातेरास मू ईपे’ या वाक्यात ‘मू’ कोरा ठेवला तर अर्थ ‘माझे वडील म्हणाले’. ‘मू’वर तोनोस घातला तर ‘वडील मला म्हणाले’. गोंधळ होण्याची शक्यता असेल तिथे हे चिन्ह घालायचेच.

आश्रित शब्दांचा, म्हणजे आधीच्या शब्दावर रेलणाऱ्या छोट्या शब्दांचा, सहाव्या पायरीतला जुना नियम इथेही आहे. ‘तो ओनोमा मू’ (माझे नाव) लिहिताना ‘ओनोमा’वर दोन तोनोस येतात, पहिल्या ओवर आणि शेवटच्या ‘मा’वर. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त राहणारी खूण हीच, आणि ओळख करून देतानाच्या पहिल्याच वाक्यात ती लागते.

जागा चुकली तर काय होते ते या जोड्यांवरून पाहा. ‘पोते’ पहिल्यावर जोर दिला तर ‘केव्हा?’, दुसऱ्यावर दिला तर ‘कधीच नाही’. ‘त्झामी’ पहिल्यावर काच, दुसऱ्यावर मशीद. ‘आला’ पहिल्यावर ‘इतर’, दुसऱ्यावर ‘पण’. ‘कालोस’ पहिल्यावर पायाला होणारे कुरूप, दुसऱ्यावर ‘चांगला’.

दियालितिका ही दोन टिंबे मोनोटॉनिकमध्येही टिकली, आणि ती लागतात. अल्फा-आयोटा एकत्र आले की उच्चार ‘ए’ होतो. ते वेगळे वाचायचे असतील तर आयोटावर दोन टिंबे. खानावळीच्या यादीत ‘पाइदाकिया’ असते, म्हणजे कोकराच्या बरगड्या. टिंबे राहिली तर तो शब्द ‘पेदाकिया’ वाचला जातो, म्हणजे छोटी मुले.

आघात पहिल्या स्वरावर असेल तर टिंबांची गरज नाही, कारण जोडस्वराचा आघात नेहमी दुसऱ्या वर्णावर असतो. ‘माइओस’ (मे महिना) मध्ये अल्फावर तोनोस, टिंबे नाहीत. षष्ठीत आघात आयोटावर जातो, तेव्हा टिंबे आणि त्यांच्या मधोमध तोनोस. महिन्याचे नाव तारखेत षष्ठीतच येते, म्हणून ही जोडखूण दरवर्षी मे महिनाभर लिहावी लागते.

मोठ्या वर्णांतल्या पाट्यांवर तोनोस नसतो, टिंबे मात्र असतात. ‘माइओस’ मोठ्या वर्णांत लिहिला की तोनोस जातो आणि म्हणूनच टिंबे येतात. शब्दाचा फक्त पहिला वर्ण मोठा असेल आणि आघात त्यावर असेल तर तोनोस त्याच्या डाव्या खांद्यावर.

पायरी आठवी : संगणकावर आणि फोनवर

आधुनिक ग्रीकसाठी यंत्रणेच्या भाषांत ‘ग्रीक’ कळफलक जोडा. इंग्रजी एलच्या उजवीकडची कळ आधी दाबायची, मग स्वर: तोनोस बसतो. शिफ्टसह तीच कळ दाबून स्वर दाबला की टिंबे. आधी खूण आणि मग स्वर, हा क्रम मराठी टंकलेखनाच्या उलट आहे, सवय व्हायला थोडा वेळ लागतो. ग्रीक प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखे दिसते आणि इंग्रजी क्यूच्या जागी मिळते. फोनवर स्वर दाबून धरला की खुणांचे पर्याय उघडतात.

प्राचीन ग्रीकसाठी ‘ग्रीक पॉलिटॉनिक’ हा वेगळा कळफलक लागतो. विंडोज आणि मॅक दोन्हींवर तो आधीपासून असतो. विंडोजवर कोणती खूण कोणत्या कळेखाली आहे हे समजायला पडद्यावरचा कळफलक उघडून ठेवा. टाचणे काढायला बीटा कोड ही जुनी युक्तीही सोयीची: साध्या चिन्हांनी खुणा दाखवायच्या. दासियासाठी उघडता कंस, प्सिलीसाठी बंद कंस, ओक्सियासाठी पुढे झुकलेली तिरपी रेघ, वारियासाठी मागे झुकलेली, पेरिस्पोमेनीसाठी बरोबरचे चिन्ह, पायाच्या आयोटासाठी उभी रेघ. प्राचीन ग्रीक ग्रंथांचे मोठे संगणकीय भांडार याच पद्धतीने भरले गेले.

युनिकोडमध्ये एक खाचखळगा आहे. आधुनिक ग्रीकचा विभाग वेगळा आणि पॉलिटॉनिक वर्णांचा विस्तारित विभाग वेगळा. त्यामुळे ओक्सियायुक्त अल्फा आणि तोनोसयुक्त अल्फा यांना दोन निरनिराळे क्रमांक मिळाले आहेत. युनिकोड त्यांना समान मानते, पण संगणकावरचे सगळे प्रोग्रॅम मानतातच असे नाही. मग डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द शोधून सापडत नाही, किंवा एकाच ओळीत दोन रेघा वेगवेगळ्या कलाच्या दिसतात. उपाय असा: मजकूर साठवण्यापूर्वी तो युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात बदलून घ्या. त्यात दोन्ही एकच होतात. शब्दसंग्रह स्प्रेडशीटमध्ये किंवा कार्डांच्या ॲपमध्ये ठेवणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावे, कारण हजारभर शब्द साठल्यावर दुरुस्ती करत बसणे वैतागाचे होते.

फाँट निवडताना पेरिस्पोमेनी, दासिया आणि पायाचा आयोटा तिन्ही एकाच ईटावर घालून पाहा. खुणा एकमेकींवर चढत असतील किंवा जागी चौकोन दिसत असेल तर फाँट बदला. ग्रीक फाँट सोसायटीचे जीएफएस डिडॉट आणि जेंटियम हे दोन्ही मोफत आहेत आणि ही परीक्षा पार करतात.